आर्राबी-मोर

आर्राबी-मोर : मध्ययुगीन पोर्तुगालमधील ज्यू समाजाचा राजनियुक्त प्रमुख. ‘आर्राबी’ म्हणजे रब्बी, ज्यूंचा धर्मगुरू, आणि ‘मोर’ म्हणजे थोरला. गोव्याच्या इतिहासात भेटणाऱ्या ‘कापितांव-मोर’मधला मोर तो हाच, पक्ष्याशी त्याचे नाते नाही. गावोगावचे रब्बी तिथले ज्यू निवडून देत. आर्राबी-मोराला मात्र राजा नेमी, आणि नेमणूक बहुधा दरबारात ऊठबस असलेल्या वैद्याला किंवा खजिनदाराला मिळे. त्याच्या शिक्क्यावर पोर्तुगालचे राजचिन्ह असे. धर्मगुरूपेक्षा सरकारी अधिकारी म्हणूनच त्याच्याकडे पाहणे योग्य.

ज्यू वस्त्यांची पाहणी करत तो देशभर फिरे. बरोबर न्यायाधीश, शिक्का सांभाळणारा, लेखनिक आणि निकालाची अंमलबजावणी करणारा शिपाई असा लवाजमा. वस्तीचे हिशेब, अनाथांचा पैसा, मृत्युपत्राने ठेवलेल्या देणग्या हे सारे तो तपासी, तंटे मिटवी. पोर्तो, तोरे द मोंकोर्व्हो, व्हिझेऊ, कोव्हिल्यां, सांतारें, एव्होरा आणि फारू अशा सात ठिकाणी त्याचे प्रतिनिधी न्यायदान करत.

या पदासाठी केवढी ओढाताण चाले, हे 1384 च्या एका प्रसंगात दिसते. शेजारच्या कास्तील राज्यात (आजच्या स्पेनमध्ये) याच स्वरूपाचे पद रिकामे झाले. पोर्तुगालची विधवा राणी लिओनोर हिने ते आपल्या मर्जीतल्या जुदा या माजी खजिनदारासाठी मागितले. पण कास्तीलचा राजा हुआन पहिला याने ते दाविद नेग्रोला दिले, तेही स्वतःची राणी बियात्रिझ हिच्या शब्दावरून. बियात्रिझ ही लिओनोरचीच मुलगी! सासू-जावयाचे फाटले आणि लिओनोरची रवानगी अखेर तोर्देसिल्यासच्या मठात झाली.

दरबारातल्या याच वजनाचा कधी समाजाला आधारही होई. 1391 मध्ये कास्तीलमधील सेव्हिलपासून ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या, तेव्हा आर्राबी-मोर मोझेस नाव्हारो याने ज्यूंना संरक्षण देणारी पोपची आज्ञापत्रे पोर्तुगालच्या जुआंव पहिला या राजापुढे ठेवली. ज्यूंना बळजबरीने बाप्तिस्मा देऊ नये, मारू नये, त्यांच्या दफनभूमीची विटंबना करू नये, असा त्यांचा आशय. राजाने 1392 मध्ये ती देशभर जाहीर करवली.

पंधराव्या शतकात, अफोन्सो पाचवा याच्या कारकिर्दीत, हे पद मोडीत निघाले. मानुएल पहिला याने डिसेंबर 1496 मध्ये ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम काढला आणि 1497 मध्ये, देश सोडण्यासाठी लिस्बनला जमलेल्यांसह, बहुतेकांना बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला.