जुना आयपॉड आणताय? 'रिस्टोअर' न दाबता आणा

हे पत्रक छापायला पैसे गेले, पण तीच गोष्ट आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर दिवसातून पाच वेळा सांगण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. गोष्ट एवढीच: आयपॉड (ॲपलचा गाणी ऐकायचा प्लेअर) बिघडला असेल तर आहे त्या अवस्थेत आणा. बंद असेल तर बंद आणा, अडकला असेल तर अडकलेला आणा, पडद्यावर रडकं तोंड आलं असेल तर त्या रडक्या तोंडासकट आणा. निघण्याआधी कॉम्प्युटरला लावून 'जरा बघतो काय होतंय' एवढं तेवढं करू नका.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आयपॉड नको असतो, त्यातली गाणी हवी असतात. तीच घरी, आदल्या रात्री, एका क्लिकमध्ये गेलेली असतात.

कॉम्प्युटर विचारतो, आपण 'हो' म्हणतो

हे तीन प्रकारे होतं. पहिला प्रकार विंडोजचा. अमेरिकेतल्या भाच्याने मॅकवर गाणी भरून आयपॉड पाठवला. तो इथे विंडोजच्या लॅपटॉपला लावला, तर मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचताच येत नाही. मग ते सांगतं, डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर म्हणतोय तर बरोबरच असेल. आयपॉड ठणठणीत होता. आता रिकामा आहे.

दुसरा प्रकार आयट्यून्सचा, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायच्या ॲपलच्या प्रोग्रामचा. एक आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी (कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या साठ्याशी) जोडलेला असतो. नव्या लॅपटॉपला लावला की आयट्यून्स विचारतं, हा दुसऱ्या लायब्ररीचा आहे, 'इरेज अँड सिंक' (आधीचं पुसून या लायब्ररीशी जुळवणं) करू का? लोकांचं लक्ष 'सिंक'कडे असतं, आधीचा शब्द वाचायचा राहून जातो. नव्या लॅपटॉपची लायब्ररी रिकामी, म्हणून आयपॉडही रिकामा. नवीन मॅकवर आयट्यून्स नाही, २०१९ पासून ते काम मॅकमधलाच फाइंडर हा प्रोग्राम करतो, पण प्रश्न तोच आणि उत्तरही तेच: नाही.

तिसरा प्रकार आयट्यून्समधल्या 'रिस्टोअर' बटणाचा. या शब्दाने जितका घात केलाय तितका पावसाच्या पाण्यानेही केलेला नाही. रिस्टोअर म्हणजे पूर्ववत करणं, असं डिक्शनरी सांगते. आयपॉडच्या बाबतीत पूर्ववत म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा. तेव्हा त्यात तुमची गाणी नव्हती.

आणखी एक घोळ सांगतो, कारण चांगले शिकलेले, कॉम्प्युटरवर काम करणारे लोक त्यात अडकतात. आयपॉड डिस्क म्हणून उघडला की आत कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स, नोट्स असली फोल्डर दिसतात, गाणी कुठेच दिसत नाहीत. लोक म्हणतात, गेलीच वाटतं, आता फॉरमॅट करायला काय हरकत आहे. अहो, गेली नाहीत. ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. आत एफ००, एफ०१ असे कप्पे, आणि त्यात चार-चार अक्षरांच्या अर्थहीन नावांच्या फायली. कोणतं गाणं कोणत्या फाइलमध्ये, याची वही वेगळी असते, डेटाबेस म्हणतात तिला. आयपॉड फक्त ती वही वाचतो. म्हणूनच फोल्डरमध्ये थेट टाकलेली एमपी३ त्यात वाजत नाही, नुसती जागा अडवते. 'तीनशे गाणी टाकली, एकही दिसत नाही' अशा तक्रारीचं कारण नव्वद टक्के हेच. (नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा, मोजलेला नाही.)

आपल्याकडे हे जास्त का लागतं

आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. आयपॉड त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होते. तोवरची गाणी घरच्या सीडींवरून घेतलेली, मित्राच्या हार्ड डिस्कवरून आलेली, किंवा कुणीतरी चिकाटीने कॅसेट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली. विकत घेतल्याची नोंद कुठेच नाही, त्यामुळे पुन्हा डाउनलोड करायची सोय नाही. आयपॉडमधली प्रत हीच बऱ्याचदा शेवटची प्रत असते.

गेल्या पावसाळ्यात गिरगावातले एक आजोबा ३० जीबीचा पाचव्या पिढीचा आयपॉड घेऊन आले. त्यांच्या पत्नीचं भजनी मंडळ होतं, त्याच्या कॅसेटी त्यांनी स्वतः उतरवून ठेवल्या होत्या. कॅसेटी पुढे बुरशीने गेल्या. जावयाने मदत म्हणून फॉरमॅटला हो म्हटलं होतं. नशीब एवढंच की त्यानंतर त्यात नवीन काही भरलं नव्हतं, त्यामुळे फायली निघाल्या. पण त्या वेव फायली होत्या. एमपी३ मध्ये गाण्याचं नाव फाइलच्या पोटातच लिहिलेलं असतं, म्हणून वही गेली तरी नाव सापडतं. आयट्यून्स वेव फाइलमध्ये ते लिहीत नाही, नाव फक्त वहीत राहतं, आणि वही फॉरमॅटमध्ये गेलेली. दोन शनिवार दुपारी आजोबा आमच्या स्टुलावर हेडफोन लावून बसले आणि फुलस्केप वहीत एकेका फाइलपुढे लिहीत गेले: 'गवळण, पेटीवर कोण ते आठवत नाही', 'ही काकडआरती, मध्ये खोकला माझा'. आम्ही त्याप्रमाणे नावं दिली. त्या कामाचे पैसे लावले नाहीत, पण दर वेळी असं जमेल असं समजू नका.

झालंच असेल तर

तर तिथेच थांबा. त्यावर एकही नवीन गाणं भरू नका, सिंक करू नका, पुन्हा रिस्टोअर करू नका. हार्ड डिस्कच्या आयपॉडमध्ये जुन्या फायली लगेच नष्ट होत नाहीत. त्यांच्या जागेवर नवीन लिहिलं गेलं की मग मात्र आमच्याही हातात काही राहत नाही. आणि आल्यावर खरं सांगा. 'मी काहीच केलं नाही, आपोआप झालं' यावर आमचे दोन तास भलत्याच दिशेने जातात. रागावणार नाही, रोज बघतो.

येण्याआधी घरी करून बघा

गाण्यांना धोका नसलेल्या गोष्टी एवढ्याच. आधी वरच्या बाजूचा होल्डचा खटका बघा. नारिंगी पट्टी दिसत असेल तर बटणं बंद आहेत, आयपॉड नव्हे. एक काका डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, तिथून चालत आमच्याकडे, आणि आयपॉड होल्डवर. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, चहा मात्र त्यांनी पाजला.

खटका ठीक असेल तर चार्जरला लावून निदान अर्धा तास सोडून द्या. कपाटात दहा वर्षं पडलेली बॅटरी लगेच डोळे उघडत नाही. त्यानंतर क्लिक व्हीलच्या (पुढे गोल चाक असलेल्या) मॉडेलवर मेन्यू आणि मधलं बटण सात-आठ सेकंद एकत्र दाबून धरा. हा रीसेट. रीसेट आणि रिस्टोअर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: रीसेटने गाणी जात नाहीत.

आतून टिकटिक आवाज येत असेल तर यातलं काहीच नको. ती हार्ड डिस्कची सुई अडखळतेय, प्रत्येक वेळी चालू करताना थोडं अजून बिघडतं. फ्रीजमध्ये ठेवून बघणारेही येतात. त्याने आत दव धरतं. आणि सुरीने, चमच्याने उघडू नका. आयपॉड क्लासिकची पाठ धातूच्या चापांनी घट्ट बसवलेली आहे, वाकली की पुन्हा सरळ बसत नाही. शिवाय हेडफोनची पट्टी पाठीलाच चिकटलेली असते, झटका बसला की ती फाटते.

आयपॉड नॅनोची (छोट्या मॉडेलची) पाठ किंवा पडदा फुगलेला दिसला तर चार्जही करू नका, दाबूही नका, पिशवीत सुटा ठेवून आणा. पहिल्या पिढीच्या नॅनोची बॅटरी तापण्याच्या तक्रारींमुळे ॲपलने २०११ मध्ये ते बदलून देण्याची योजना काढली होती. आता ती बॅटरी बदलणं हे आमच्यासारख्यांचंच काम.

आमचे दर आणि आमची कारणं

तपासणीचे ३०० रुपये आधी घेतो. दुरुस्ती केलीत तर बिलातून वजा. पुष्कळांना हे खटकतं, 'नुसतं बघायचे पैसे?' नुसतं बघत नाही. डिस्क वाचता येत असेल तर सगळ्यात आधी तिची पूर्ण प्रत काढतो, मगच स्क्रू-ड्रायव्हरला हात लावतो. दुखणाऱ्या डिस्कची प्रत काढायला कधी रात्र जाते. म्हणून 'बसून करून द्या' म्हणू नका. प्रत १५ दिवस आमच्याकडे ठेवतो, नंतर पुसतो.

हार्ड डिस्क हा मुळातच नाजूक प्रकार. १९९८ च्या रिओ या एमपी३ प्लेअरमध्ये ३२ एमबी जागा होती, म्हणजे १२८ केबीपीएस दर्जाची गाणी जेमतेम अर्धा तास: चर्चगेटला लावला की वांद्र्याच्या आसपास पुन्हा पहिलं गाणं. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिल्या आयपॉडने १.८ इंची हार्ड डिस्क घालून ५ जीबी, म्हणजे हजार गाणी खिशात आणली. त्याची किंमत अशी की खिशात एक फिरती तबकडी आली. विरार लोकलच्या दारात लटकून ती इतकी वर्षं चालली, हेच कौतुक. क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये. त्यामुळे सुटे भाग आम्ही जुन्या मेलेल्या आयपॉडमधून काढतो. घरी असा पडून असेल तर आणा, योग्य भाव देऊ.

मेलेल्या डिस्कच्या जागी अडॅप्टरवर मेमरी कार्ड बसवून देतो. धक्क्याची भीती जाते, बॅटरी जास्त टिकते, आणि वाचलेल्या जागेत मोठी बॅटरीही बसते. फक्त '५१२ जीबीच टाका' असा हट्ट धरू नका. पाचव्या पिढीच्या ३० जीबी मॉडेलची रॅम (चालू कामापुरती मेमरी) ३२ एमबी आहे, ६० आणि ८० जीबीची ६४. गाणी फार झाली की वही एवढ्या रॅममध्ये मावत नाही आणि आयपॉड गटांगळ्या खातो. २००७ आणि २००८ च्या क्लासिकला तर कार्डावरची १२८ जीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मोठं कार्ड विकून आम्हाला जास्त मिळाले असते, पण महिन्याने तुम्हीच भांडायला आला असता.

कार्ड बसवल्यावर आयपॉड हलका लागतो. 'आतलं काही काढून घेतलंत का?' हो, हार्ड डिस्क. म्हणून ती पुडीत बांधून, वर तुमचं नाव लिहून परत देतो.

'गाणी भरून द्या' हे काम आम्ही करत नाही, कितीही ओळखीचे असलात तरी. स्वतःच्या सीडी आणा, त्या उतरवून नावांसकट भरून देऊ; घरोघरी सीडी आहेत आणि ड्राइव्ह नाही, हे आम्हाला माहीत आहे. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या) फायली आणल्यात तर आयपॉडला चालेल असं रूप देऊन भरतो, आवाजात काही कमी होत नाही.

येताना केबल आणा. नसली तरी चालेल, पण आयपॉड पहिल्या तीन पिढ्यांतला असेल तर फायरवायरची (यूएसबीहून वेगळी, जुन्या जोडणीची) केबल घरात शोधाच. ते मॉडेल यूएसबीवर चार्ज होत नाहीत. पडद्याखाली एका ओळीत चार गोल बटणं असली की ती तिसरी पिढी समजा. रविवारी बंद. शनिवारी चारनंतर गर्दी असते, तेव्हा चौकशीला या, दुरुस्तीला देऊ नका.