पोरांना घेऊन बालीला जाताय? तिकिटाआधी त्यांचे पासपोर्ट बघा

मे महिन्यात बालीला पाऊस कमी असतो, पोरांना सुट्टी असते, त्यामुळे आमच्या दादरच्या घरात दिवाळीपासूनच बाली बाली चालू होतं. पण खरं काम इथे मुंबईतच असतं, ते म्हणजे पोरांचे पासपोर्ट. तान्ह्या बाळालाही स्वतःचा वेगळा पासपोर्ट लागतो.

पासपोर्ट सेवाच्या सरकारी वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवरूनच फॉर्म भरा, सेम दिसणाऱ्या खोट्या साइट्स भरपूर आहेत. ३६ पानी पासपोर्टची फी मुलांसाठी १००० रुपये, ८ वर्षांखालच्या मुलाचा पहिलाच पासपोर्ट असेल तर १० टक्के कमी, आणि तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २०००. फी भरली की लोअर परळ, अंधेरी, मालाड, ठाणे यातलं जे सेंटर सोयीचं पडेल तिथली अपॉइंटमेंट घ्यायची.

कागदपत्रं म्हणजे मुलाचा जन्मदाखला, आईबाबांच्या नावाचा पत्त्याचा पुरावा, दोघांचे ओरिजिनल पासपोर्ट असतील तर ते आणि झेरॉक्स, आणि दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे मुलाच्या पासपोर्टला संमती असल्याचं घोषणापत्र. दोघांपैकी एकाची सही मिळणार नसेल तर अ‍ॅनेक्शर सी असतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही. ४ वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा फोटो घरूनच न्यायचा, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर.

आता जन्मदाखला नीट उघडून बघा, प्लीज. आमच्या धाकटीच्या दाखल्यावर आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, हॉस्पिटल होतं, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी! बारशाआधीच दाखला काढलेला आणि नंतर कोणाच्या लक्षातच नाही आलं, ते समजलं थेट काउंटरवर, मांडीवर पोरगी रडत असताना, आणि तसंच परत यावं लागलं. नाव जन्मनोंदणी करणाऱ्या ऑफिसात घालून मिळतं, पहिलं वर्षभर फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून, पण त्यात दिवस जातात ते जातातच. आईबाबांपैकी एकाकडे चालू पासपोर्ट असेल तर पोलीस व्हेरिफिकेशनसाठी सहसा थांबावं लागत नाही, तेवढाच दिलासा.

मोठ्याचा पासपोर्ट आधीच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपला १० वर्षं चालतो, मुलांचा सहसा ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. आणि इंडोनेशियात उतरता त्या दिवशी पासपोर्टवर निदान ६ महिने शिल्लक पाहिजेत, म्हणजे ऑगस्टमध्ये संपणारा पासपोर्ट मे महिन्यात कामाचा नाही, रिइश्यू करायलाच हवा.

तिकडचा व्हिसा त्यामानाने सोपा. आपल्याला व्हिसा ऑन अरायव्हल, म्हणजे तिथे उतरल्यावर, मिळतो, ३० दिवसांचा, माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपिया (आकडा ऐकून घाबरू नका, त्यांच्या नोटाच तशा), आणि मुलांचाही वेगळा भरावा लागतो. इंडोनेशियाच्या सरकारी साइटवर आधीच काढला तर पोरांना घेऊन तिथल्या लायनीत उभं राहायला नको. परतीचं तिकीट हाताशी ठेवा. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीचा दीड लाख रुपियाचा पर्यटक कर आहे, तोही माणशी, तोही ऑनलाइन भरता येतो.

आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेणार असतील तर दुसऱ्याचं सहीचं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा, इंग्रजीत, आणि ती चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पर्समध्येच.