गोव्यातील सह्याद्री

गोवा राज्याच्या पूर्व सीमेवर उत्तर-दक्षिण पसरलेला पश्चिम घाटाचा भाग. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत त्याचा मुख्य विस्तार आहे. सत्तरीतील सोसोगड हे राज्यातले सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे १,१६६ मीटर.

वाळपईहून किंवा मोलेहून पाहताना ही डोंगरांची रांग वाटते. पण चोर्ला किंवा अनमोड घाट चढून गेले की पलीकडे तसा उतार लागत नाही, घाटमाथ्याची जमीन सुरू होते. सह्याद्री हा घड्या पडून वर आलेला पर्वत नसून दख्खनच्या पठाराची झिजत मागे सरकलेली कड आहे. म्हणून पश्चिमेला उभे कडे आणि खोल दऱ्या, तर पूर्वेला मंद उतार.

या भागाचे खरे वैशिष्ट्य खडकांत आहे. महाराष्ट्रात सह्याद्री म्हणजे बेसाल्टचे थर, पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या वरच्या भागात, संपत येतात. तिथून दक्षिणेला त्याच रांगेत त्यांच्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक उघडे पडतात. त्यांतले काही पट्टिताश्म (नाइस, पट्टे असलेला रूपांतरित खडक) ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. डिचोलीपासून सांग्यापर्यंतच्या टेकड्यांत सापडणारे लोहखनिजही या जुन्या खडकांतलेच.

पायथ्याकडच्या टेकड्यांवर जांभ्याचे कवच आहे. उष्ण, दमट हवेत खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरते आणि जांभा तयार होतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा अवजाराने सहज तासता येतो; हवा लागली की टणक होतो. त्याच्या भोकाभोकांतून पावसाचे पाणी आत मुरते आणि टेकडीच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. कुळागरे, म्हणजे गोव्यातल्या पारंपरिक बागा, नेमकी अशाच ठिकाणी वसलेली दिसतात: वर झाडी, मधून पाट, खाली माड, पोफळी, मिरवेल आणि केळी. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माथ्यावर, उन्हाळ्यात गवताची काडीही हिरवी नसते. ऑगस्टमध्ये मात्र तोच सडा सीतेची आसवे नावाच्या रानफुलांनी निळाजांभळा होतो.

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे या कडेला अडतात आणि वर चढताना थंड होऊन कोसळतात. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, घाटात त्याहून बराच अधिक. गोव्यातल्या मोठ्या नद्यांचे पाणी मुख्यतः इथलेच. म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते, सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी होते. तिच्या २,०३२ चौ. किमी खोऱ्यापैकी १,५८० चौ. किमी गोव्यात आहे. उगमाकडचे पाणी कर्नाटकाने वळवण्याच्या प्रश्नावर गोवा इतका हळवा का, हे या आकड्यांवरून कळते. झुआरी सांगे तालुक्यात उगम पावते, तळपण आणि गालजीबाग या लहान नद्या काणकोणात. काणकोणात डोंगराचे फाटे समुद्रापर्यंत पोचतात, त्यामुळे मैदानी पट्टी अरुंद होत जाते.

दूधसागर हा सुमारे ३१० मीटर उंचीचा, टप्प्याटप्प्याने कोसळणारा धबधबा. कॅसलरॉक ते कुळे हा एकोणिसाव्या शतकात बांधलेला लोहमार्ग त्याच्या मध्यावरून पुलाने जातो. या घाटात चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. भर पावसाळ्यात गाडी पुलावर आली की खिडकीतून तुषार आत येतात आणि समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये या कडेला लागून एकापाठोपाठ एक आहेत. म्हादई आणि नेत्रावळी १९९९ मध्ये जाहीर झाली. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली, तेव्हा गोव्यातले एकही स्थळ त्यांत नव्हते. या जंगलांचे मोल पाहता ती उणीव मोठी आहे.