कन्फर्मेशन लिंक

ईमेल पत्ता खरा आहे आणि तो देणाऱ्याच्याच हाताशी आहे, याची खात्री करून घेण्यासाठी त्या पत्त्यावर पाठवलेली, ठरावीक मुदतीची लिंक. नवे खाते उघडताना, पासवर्ड बदलताना ती येते. कोकणात बहुधा तारकर्लीतल्या होमस्टेची खोली धरताना किंवा देवगडहून हापूसची पेटी मागवताना.

लिंकचा गाभा म्हणजे टोकन : सर्व्हरने काढलेली, कुणाला अंदाज बांधता येणार नाही अशी अक्षरांची माळ. त्यासाठी १२८ बिट, म्हणजे शून्य-एकाचे १२८ अंक, पुरेसे होतात. सोळामानी अंकांत (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिले तर ती ३२ अक्षरे, वेबपत्त्यासाठीच्या बेस-६४ या ६४ चिन्हांच्या लिपीत २२. नाव, तारीख, पेट्यांची संख्या हे सगळे डेटाबेसात ठेवावे, लिंकमध्ये कोंबू नये. देवनागरीची हौस तर इथे फारच महाग पडते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि वेबपत्त्यात एकेक बाइट टक्केचिन्ह धरून ३ अक्षरे खातो. ‘देवगड’ हा शब्द मात्रेसकट ५ चिन्हांचा. लिंकमध्ये त्याची ४५ अक्षरे होतात.

ईमेलच्या आरएफसी ५३२२ या मानकात एक ओळ ७८ अक्षरांपर्यंत ठेवावी अशी शिफारस आहे. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये त्याहून लांब लिंक कधी कधी मधेच मोडते, अर्धीच निळी होते आणि दाबली की चुकीचे पान उघडते. लिंकला चिकटून पूर्णविराम दिला, तर काही अ‍ॅप तोही लिंकमध्येच धरतात. म्हणून ती स्वतंत्र ओळीवर एकटी असावी. लांबी वाचवायला परक्या लिंक-शॉर्टनरचा (लांब लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेचा) आधार घेणे हा खोटा शहाणपणा आहे : स्पॅम फिल्टरला संशय येतो, आणि ती सेवा बंद पडली की लिंकही गेली.

खरी गोची वेगळीच असते. अनेक कार्यालयांत ईमेल माणसाच्या आधी सुरक्षा-सॉफ्टवेअर वाचते आणि त्यातल्या लिंक उघडून पाहते. लिंक उघडताच टोकन ‘वापरले’ असे धरले, तर ग्राहकाच्या हाती मेलेली लिंक पडते. म्हणून लिंकने फक्त पान उघडावे आणि बुकिंग पक्के व्हावे ते त्यावरचे बटण दाबल्यावर. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीचा नियमही हेच सांगतो : पान मागणाऱ्या ‘गेट’ विनंतीने काही बदलू नये, बदल माहिती पाठवणाऱ्या ‘पोस्ट’ने करावा.

दुसरी अडचण नेटवर्कची. कोकण रेल्वेने गावी निघालेला चाकरमानी रत्नागिरीजवळच्या सुमारे साडेसहा किलोमीटरांच्या करबुडे बोगद्याआधी ‘पुन्हा पाठवा’ दोनदा दाबतो. पलीकडे रेंज आली की तिन्ही ईमेल एकदम येतात आणि तो नेमका जुना उघडतो. त्यामुळे नवी लिंक काढली म्हणून जुनी लगेच मारू नये. बुकिंग पक्के झाल्यावर लिंक पुन्हा उघडल्यास ‘अवैध लिंक’ असे न दरडावता ‘तुमचे बुकिंग आधीच पक्के झाले आहे’ असे सांगावे. पावसात दोन-दोन दिवस वीज नसलेल्या गावांसाठी बुकिंगच्या लिंकची मुदत तीन दिवस ठेवायला हरकत नाही. पासवर्डच्या लिंकला मात्र तासभर पुरे.

लिंक फोनवरून वाचून दाखवण्याची वेळही येते. ‘बाबा, मोठा ओ की शून्य?’ या घोळावर प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्डच्या बेस-३२ या ३२ चिन्हांच्या लिपीत उतारा आहे : तिच्यात लहान-मोठ्या अक्षरांत फरक नाही, आणि आय, एल, ओ, यू ही अक्षरे गाळलेली आहेत. तेच १२८ बिट मग २६ अक्षरांत बसतात, म्हणजे बेस-६४ पेक्षा चार अक्षरे जास्त.