डाक आवृत्तीतलं क्रीडापान

नागपूरहून गडचिरोली 170 किलोमीटरच्या आसपास. पुढे आलापल्ली, सिरोंचा. तिथल्या पानठेल्यावर सकाळी पेपर पडायचा तर गाडी रात्रीच निघावी लागते, म्हणून बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी छपाईला जाते. साडेसातला सुरू झालेला ट्वेंटी-20 सामना अकराच्या पुढे संपतो. डाक आवृत्तीत बरेचदा पहिलाच डाव छापून येतो. निकाल गावात मोबाइलवर रात्रीच पोचलेला असतो, त्याआधीच्या काळात तो रेडिओवर कळायचा. त्यामुळे इथल्या वाचकाला धावफलक शिळा आणि स्तंभ ताजा, हे जुनंच गणित आहे.

मराठी क्रीडापानाला वजन आणलं वि. वि. करमरकरांनी, 1962 मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मधून. कबड्डी, खो-खो, कुस्तीला त्यांनी क्रिकेटच्या पंगतीत बसवलं आणि संघटनांच्या कारभारावरही लिहिलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. त्या मुलखाला ही पंगत आपली वाटावी यात नवल नाही. द्वारकानाथ संझगिरींची वाट वेगळी. पेशाने इंजिनिअर, लिहिताना हिंदी सिनेमा आणि गाणी हाताशी. त्यांच्या उपमा खेळाडूचा स्वभाव दाखवतात. नक्कल करणाऱ्यांकडे उपमा तेवढी राहते, खेळाडू गायब होतो.

तालुक्याच्या कबड्डीची बातमी मात्र वेगळ्याच साच्यातली. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मग आणखी डझनभर नावं. अंतिम सामना शेवटच्या ओळीत, तोही 'अटीतटीच्या लढतीत धूळ चारली' असा. यात वार्ताहराचा आळस कमी, हिशेब जास्त. मानधन तुटपुंजं, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, आणि जाहिरात देणारे तेच पाहुणे.

चांगला स्तंभ लिहायचा तर वही मैदानाकडे तोंड करून उघडावी लागते. प्रत्येक चढाईला तीन नोंदी पुरतात: चढाईपटू कोण, समोर किती जण, गुण कसा गेला. समोर किती, यावर अख्खा डाव फिरतो. सहा किंवा सात असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. तिघे किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. म्हणून 'डाव्या कोपऱ्यातला बचावपटू एक पाऊल मागे सरला, चढाईपटू त्याला भुलून आत शिरला आणि तिघांत सापडला' या एका ओळीतून सामना कुठे फिरला ते दिसतं. लोण पडल्याचे, म्हणजे अख्खा संघ बाद झाल्याचे, दोन गुण वेगळे लिहिले नाहीत तर वाचकाची बेरीज जुळत नाही. तो ती करतोच. गावात जुने खेळाडू बसलेले असतात.

शंकरपटाचं, म्हणजे विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीचं, लेखन अजून कोरंच आहे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली. दोन्ही वेळी पानं भरली ती कायद्याने. पट सुरू झाल्यावर बक्षिसाची रक्कम छापून येते आणि जोडीचे सेकंद. धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, कासरा कधी सैल सोडला, सुटताना कोणता बैल मागे राहिला, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसलेल्या माणसाने 'गेली जोडी' कशावरून म्हटलं, हे छापून येत नाही. ते पटावरून परतताना बैलगाडीत बोललं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर.