ग्रीन बिल्डिंगचा दाखला आणि हवेचे फिल्टर : कोकणातील अर्ज कुठे अडतात

लीड या पर्यावरणपूरक इमारतींच्या अमेरिकी मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीखाली नोंदलेल्या नव्या इमारतीला बांधकामाच्या काळातील आणि त्यानंतरच्या हवेच्या स्वच्छतेसाठी वेगळे गुण मिळतात. ते ऐच्छिक असल्याने हुकले तरी दाखला नाकारला जात नाही. मात्र गोल्ड श्रेणीच्या काठावरचा प्रकल्प त्यांच्यावाचून खालच्या सिल्व्हर श्रेणीवर येऊ शकतो. नोंदणी, शुल्क आणि ऑनलाइन अर्ज सल्लागार बिनचूक करतात. अडते ते साइटवर.

काम चालू असताना कायमची वातानुकूलन यंत्रणा चालवू नये आणि चालवावीच लागली तर परतीच्या हवेच्या प्रत्येक जाळीवर किमान मर्व्ह ८ दर्जाचा फिल्टर असावा, अशी अट आहे. (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचा आकडा; जितका मोठा, तितका फिल्टर बारीक.) रत्नागिरी-मालवणकडे पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही म्हणून कंत्राटदार एसी लावून देतो, अंगणात कटरने जांभ्याचे चिरे कापणे चालूच असते आणि ती तांबडी धूळ डक्टमध्ये जाऊन बसते. जाळीवर बसवलेल्या फिल्टरची छायाचित्रे त्याच काळात काढून ठेवावीत. त्याहून दुर्मीळ कागद म्हणजे फिल्टरचे माहितीपत्रक. बिलावर नुसते ‘एसी फिल्टर, २४ बाय २४’ असते, मर्व्हचा आकडा कुठेच नसतो; तेव्हा हा आकडा ज्या चाचणीने ठरतो त्या अ‍ॅशरे ५२.२ (अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे मानक) चाचणीचा उल्लेख असलेले उत्पादकाचे पत्रक पैसे देण्याआधीच मागून घ्यावे.

वापर सुरू होण्यापूर्वी सगळे फिल्टर बदलावेत. बाहेरची हवा आत आणणाऱ्या यंत्रणेला मर्व्ह १३ लावल्यास आणखी एका गुणाच्या दिशेने मोजले जाते, पण त्याचा दाब पेलणारा पंखा यंत्र मागवतानाच सांगावा लागतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, त्यामुळे तो यात धरत नाहीत.

सर्वांत मोठा घोळ फ्लश-आउटचा, म्हणजे वापरापूर्वी बाहेरची हवा खेळवून इमारत आतून धुऊन काढण्याचा. ‘दोन आठवडे पंखे चालवा’ हा जुन्या आवृत्तीतला नियम अजून तोंडोतोंडी फिरतो. चौथ्या आवृत्तीत दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा सोडावी लागते. म्हणजे दर चौरस फुटाला मिनिटाला एक घनफूट या वेगाने जवळजवळ दहा दिवस, आणि ०.३ घनफुटाने महिन्याहून अधिक. आतल्या आत फिरणारी हवा यात धरत नाहीत. शिवाय तापमान १५ ते २७ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. नियम लिहिणाऱ्यांनी कोकणातला आषाढ पाहिलेला दिसत नाही! गणपतीपूर्वी उद्घाटन ठरवणाऱ्या हॉटेलमालकाचे फ्लश-आउट नेमके जुलैत येते आणि आर्द्रतेची नोंदवही पहिल्याच पानावर नापास होते.

अशा वेळी हवेची प्रयोगशाळेतील तपासणी हा दुसरा मार्ग बरा. त्याला एकाऐवजी दोन गुणही आहेत. नमुने मात्र वापर सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागतात आणि त्यांत धुळीचे कणही मोजले जातात, म्हणून वास्तुशांतीचा होम नमुने घेऊन झाल्यावरच ठेवावा.