चॅम्पियन्स लीगचं गाणं आणि राज्याभिषेकाचं गाणं एकच आहे का?

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लब फुटबॉल स्पर्धेच्या मॅचआधी वाजतं ते गाणं म्हणजे संगीतकार हेंडलचं १७२७ मधलं राज्याभिषेकाचं गाणं, जसंच्या तसं उचललेलं. पटणं साहजिक आहे, कारण नातं खरंच आहे, पण गाणी दोन वेगळी आहेत.

हेंडलनी ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या राज्याभिषेकासाठी चार कोरस रचना केल्या, ११ ऑक्टोबर १७२७ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये त्या गायल्या गेल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली 'झेडॉक द प्रीस्ट', राजाला पवित्र तेल लावतात त्या विधीची, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात ती होतेच. शब्द बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या अभिषेकाच्या प्रसंगावरचे, इंग्लंडच्या राज्याभिषेकांत हेंडलच्याही कित्येक शतकं आधीपासूनचे.

फुटबॉलचं गाणं १९९२ चं. हेंडलच्या रचनेचा आधार घेऊन दुसऱ्या संगीतकारानी ते बनवलं, शब्द पूर्ण नवे, इंग्लिश, फ्रेंच आणि जर्मन मिळून.

तपासायचं तर दोन्ही पाठोपाठ ऐका. हेंडलकडे आधी जवळपास दीड मिनिट नुसती वाद्यं, व्हायोलिनच्या लाटा हळूहळू चढत जातात, ताण वाढत वाढत जातो आणि मग एकदम सात गटांत विभागलेला कोरस ट्रम्पेट-नगाऱ्यांसकट कोसळतो, माझ्या मते बरोक, म्हणजे हेंडलच्या काळातल्या युरोपीय संगीतातली ही सगळ्यात जबरदस्त एन्ट्री आहे! फुटबॉलच्या गाण्यात गायक खूपच लवकर येतात. आणि शब्दांकडे लक्ष द्या, हेंडलकडे पुजारी, सॉलोमन आणि राजाचा जयजयकार ऐकू येईल, दुसरीकडे चॅम्पियन टीम्सचं कौतुक.